तारेचा पीळ

यंत्राचा फोटो आईला पाठवला, तर तिची नजर यंत्रावर गेलीच नाही. शेडच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातून काळ्या तारेचं भेंडोळं अर्धं बाहेर आलं होतं, तेवढंच तिला दिसलं. लगेच फोन आला.

"ती तार कशाची रं?"

गवताच्या गासड्या बांधायची आहे, म्हणून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "गोठ्याच्या जवळ तार आणू नगंस, बाबा. चांदीचं इसरलास का?"

विसरलो नव्हतो. ते यंत्र घ्यायचं की नाही या विचारात मी तीन महिने घालवले, ते चांदीमुळेच.

आमचं गाव खटाव तालुक्यात. १९८६ साली घराला एक खोली वाढवली, वर स्लॅब टाकला. सळया बांधून उरलेली बायंडिंग तारेची दोन भेंडोळी पडवीतल्या खुंटीला लटकत राहिली. आमच्याकडे कडब्याच्या पेंढीला ज्वारीच्याच ताटाचा आळा असायचा. ताट जरासं ओलसर करून चेचायचं, पेंढीभोवती घ्यायचं, दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा आणि शेंडा आत खोचायचा. अण्णांचा हात त्यात असा बसला होता की बोलता बोलता पेंढी बांधून बाजूला पडायची. पण त्या साली काढणीला माणसं मिळेनात आणि आभाळ रोज दुपारी भरून यायला लागलं. कडबा भिजला तर वर्षाची वैरण जाते. म्हणून शेवटच्या दोनेकशे पेंढ्या अण्णांनी तारेनं आवळल्या. एका दिवसात काम उरकलं. पाऊस आला तेव्हा गंजी झाकलेली होती, आणि घरात सगळे त्यांच्या हुशारीचं कौतुक करत होते.

पुढे श्रावणात कुट्टी करताना एकदा कर्रकन आवाज झाला आणि पात्याला दाता पडला. अण्णांनी कानस आणून पातं घासलं, चाक परत फिरवायला सुरुवात केली. पातं कशावर आपटलं ते कळलं होतं. तुटलेली तार गेली कुठं, हे मात्र कुणी पाहिलं नाही. मी तिथंच बसून कुट्टी पाटीत भरत होतो, नऊ वर्षांचा. मीही पाहिलं नाही.

चांदी आमची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. दोन महिन्यांनी तिनं वैरण सोडली. पाठीला पोक काढून, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभी राहायची. उतारावर पाय टाकायची नाही. खाली बसताना कण्हायची. गळ्याखाली पोळीला सूज आली, मानेची शीर दोरीसारखी फुगली. तालुक्याचे डॉक्टर आले, त्यांनी दोन्ही कोपरांमध्ये हात घालून दाबून पाहिलं आणि अण्णांकडे न बघता म्हणाले, "काही तार-खिळा गेलाय का पोटात?" ती गेल्यावर त्यांनीच उघडून दाखवलं. बोटभर लांबीचा काळा तुकडा, एका बाजूला पात्यानं कापल्याची तिरकी धार. पोटातून पडदा भेदून हृदयाच्या पिशवीपर्यंत गेलेला.

अण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. पुढच्या सुगीत प्रत्येक पेंढीला ताटाचाच आळा होता. खुंटीवरची उरलेली तार त्यांनी विहिरीच्या कामावरच्या गवंड्याला देऊन टाकली.

आता अण्णा नाहीत आणि मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीच्या कडेला नऊ एकर जमीन घेऊन राहतो. आठवडाभर पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पावर नोकरी, आणि उरलेल्या वेळात तीन जर्सी गाई, दोन कालवडी. चार एकरांत गवत, टिमोथी आणि ऑर्चर्ड ग्रास. इथला हिवाळा जनावरांना बाहेर चरू देत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १६५ दिवस धरले तर, रोज दोन गासड्या लागतात. ३३० गासड्या, साडेसात टन वाळलं गवत.

पहिली चार वर्षं मी गासड्या दुसऱ्याकडून बांधून घेतल्या. चार एकरवाल्याचा नंबर नेहमी शेवटी लागतो. मोठ्या शेतकऱ्यांचं उरकून बेलरवाला, म्हणजे गासड्या बांधायच्या यंत्राचा मालक, माझ्याकडे येईपर्यंत जूनचा शेवट उजाडायचा. टिमोथीची कणसं पिकून पिवळी व्हायची, पात्यातला कस कमी व्हायचा. एका वर्षी तर कापून पडलेल्या गवतावर दोन पाऊस झाले. काळपट, मातकट वासाचं ते गवत गाई हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. उन्हाळ्यातलं चांगलं गवत हिवाळ्यापर्यंत पोचवता येत नाही, याची टोचणी मला फार लागली. नवा छोटा बेलर वीस हजार डॉलरच्या पुढे. चार एकरांसाठी तो कुणीच घेणार नाही.

अशात शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कोठाराखाली उभा असलेला लाल बेलर दाखवला. आजोबा ८४ वर्षांचे, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे, आयुष्यभर दुधाचा धंदा केलेले. १९५० च्या दशकातलं यंत्र, त्यांनी ते जुनं म्हणूनच घेतलं होतं, आणि गाई विकल्यापासून ते तसंच उभं होतं. भंगाराच्या भावात दिलं. "पण एक सांगतो," ते म्हणाले, "हे तारेचं आहे. सुतळीचं नाही."

लँकेस्टरमध्ये बेलर म्हणजे नुसतं अवजार नाही, गावचा इतिहास आहे. एडविन नोल्ट नावाच्या इथल्याच एका शेतकऱ्यानं शेतात चालता चालता गवत उचलून, दाबून, आपोआप बांधणारं यंत्र बनवलं, आणि १९४० पासून न्यू हॉलंड गावातल्या कारखान्यात ते तयार व्हायला लागलं. ते सुतळीनं बांधायचं. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं तारेची यंत्रं जोडीला होतीच. आजोबांचे वडील एका जागी उभ्या राहणाऱ्या दाबयंत्रावर काम करायचे. दोन गासड्यांच्या मध्ये खाचा पाडलेली लाकडी फळी टाकायची, एका बाजूच्या माणसानं खाचेतून तार ढकलायची, दुसऱ्यानं ती परत पाठवायची आणि पहिल्यानं हातानं पीळ द्यायचा. नंतर चालत्या यंत्रावरही हेच काम करायला दोन्ही बाजूंना माणसं बसू लागली, दिवसभर धुरळ्यात. आजोबा सांगत होते, वडील संध्याकाळी घरी आले की फक्त डोळ्यांची बुबुळं ओळखू यायची.

तार वाईट आणि सुतळी चांगली, असं सरळ मला वाटत होतं. वाचत गेलो तसं कळलं, की हे भांडण शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे. १८७० च्या दशकात गहू कापून पेंढ्या बांधणारी पहिली यंत्रं आली, ती तारच वापरत होती. तारेचे तुकडे मळणीत, पिठाच्या गिरणीत आणि जनावरांच्या पोटात जातात म्हणून शेतकऱ्यांनी आणि गिरणीवाल्यांनी ओरड केली. मग विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीनं सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा चालवून दाखवली, १८७८ च्या सुमारास, आणि काही वर्षांतच पेंढ्यांची तार गेली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. खटावमधल्या आमच्या पडवीत जे घडलं ते अमेरिकेतल्या किती गोठ्यांत आमच्या कितीतरी आधी घडून गेलं होतं.

गवताच्या गासडीत मात्र तार टिकून राहिली, कारण तिथं ताण फार असतो. दाबलेलं गवत बाहेर यायला धडपडत असतं. तार ताणली जात नाही, कुजत नाही, उंदीर कुरतडत नाहीत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची सुतळी आहे आणि लोकांना ती निरुपद्रवी वाटते. मला ती तशी वाटत नाही. ती कुजत नाही, जनावराच्या पोटात गोळा होऊन बसते, आणि तिला ओढून धरणारं लोहचुंबक अजून कुणी काढलेलं नाही. आपल्याकडे शहरातल्या गाईंच्या पोटातून काय काय निघतं ते सगळ्यांनी पाहिलंय. गाय जिभेनं घास ओढते आणि फारसा न चावता गिळते. तिच्या तोंडात काय जाईल याची काळजी तिच्या वाटची आपणच घ्यायची असते, मग बंद कशाचाही असो.

तर मी यंत्र आणलं.

टायर, उचलणाऱ्या पंजाचे दाते, साखळ्या, हे सगळं महिन्याभरात झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वाकलेले दाते बदलले, बेअरिंग बदलली, ग्रीसची निपलं सुईनं कोरून मोकळी केली. खरी अडचण पेटीत गवत दाबणाऱ्या दट्ट्याची होती. कुणीतरी शेवटचं ओलं गवत आतच राहू दिलं होतं. ते गवत वर्षानुवर्षं ओल धरून बसलं आणि पेटीचा तळ आणि दट्ट्या दोन्ही गंजून एक झाले. घण मारायचा मोह मी आवरला. अॅसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल मिसळून रोज संध्याकाळी फटीत सोडायचो आणि जड फ्लायव्हील मागं-पुढं हलवून पाहायचो. एकोणिसाव्या दिवशी ते केसभर हललं. मी आत जाऊन बायकोला बोलावून आणलं आणि परत हलवून दाखवलं. तिनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, "जिवंत आहे की."

दट्ट्या ज्यावर सरकतो त्या पट्ट्या लाकडाच्या होत्या, झिजून एका बाजूला बसलेल्या. मेपलच्या नव्या कापून तेलात आठवडाभर भिजत ठेवल्या. दट्ट्याला एक सुरी असते आणि पेटीच्या तोंडाशी दुसरी, न हलणारी. दर फेरीला गवत त्या दोन सुऱ्यांमध्ये कापलं जातं, म्हणून गासडी नंतर वड्यांसारखी सुटी होते. दोन्हींमधली फट अर्धा-पाऊण मिलिमीटर. पट्ट्या झिजल्या की दट्ट्या डुलतो, फट वाढते, गवत कापलं न जाता ओढलं जातं आणि सगळ्या यंत्राला हिसके बसतात. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून घालून मी ती फट बसवली. दोन रविवार गेले. मला ते काम फार आवडलं.

आणि मग पीळ देणारी यंत्रणा. पेटीच्या माथ्यावर, धुळीच्या आणि ग्रीसच्या एक इंच थराखाली. सगळ्या यंत्राचं वजन टनाहून जास्त, आणि त्याचं सगळं काम ज्यावर अवलंबून तो पीळ देणारा आकडा माझ्या अंगठ्याएवढा. एका गासडीला दोन तारा, म्हणून असे दोन आकडे.

काम असं चालतं. गासडी वाढत जाते तशी ती एक दात्यांचं चाक फिरवते. चाकानं ठरलेलं अंतर कापलं की खटका पडतो. खालून दोन मोठ्या वाकड्या सुया, पोती शिवायच्या दाभणासारख्या, दट्ट्याच्या खाचेतून वर येतात आणि तार आणतात. तारेचं पहिलं टोक आधीपासून चिमट्यात धरलेलं असतं. आता दोन्ही तारा आकड्यापाशी शेजारी येतात. आकडा त्यांना कवेत घेतो, गर्रकन फिरतो, चार-पाच पीळ पडतात, कातरी तार तोडते, चिमटा नवं टोक धरून ठेवतो, सुया खाली जातात. हे सगळं दट्ट्या पुढं जाऊन परत यायच्या आत. सुया वर असताना दट्ट्या आला तर बीडाची सुई मडक्यासारखी फुटते.

माझ्या यंत्रात तीन दोष निघाले. हजारो वेळा तार घासून एका आकड्याच्या तोंडाला खोल चर पडला होता, त्यात तार अडकून बसायची. चिमट्याची स्प्रिंग मेली होती, टोक निसटायचं. आणि कातरी बोथट. पहिले दोन दोष यंत्राचे, तिसरा मला माझा वाटला. कारण बोथट कातरीनं तार एका घावात तुटत नव्हती, दुसऱ्या घावाला नखाएवढा तुकडा उडायचा. तो गासडीवरच पडायचा, गवतात. मी तो पहिला तुकडा बोटांत धरून उन्हात पाहिला. तीच तार. खोक्यावर साडेचौदा गेज लिहिलंय, म्हणजे जाडी दोन मिलिमीटरच्या जरा आत, बायंडिंग तारेपेक्षा जाड. पण तशीच भट्टीत तापवून मऊ केलेली, तशीच काळी, हाताला तसाच तेलकट काळेपणा लावणारी. टोकाला तशीच तिरकी धार.

त्या दिवशी काम थांबवलं. आजोबांकडे गेलो आणि त्यांना चांदीचं सगळं सांगितलं. इथं आल्यापासून घराबाहेरच्या कुणाला ते पहिल्यांदाच सांगत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याही तीन गेल्या. पहिली गेली तेव्हा वाटलं नशीब. दुसरी गेली तेव्हा तारेला शिव्या दिल्या. तिसरी गेली तेव्हा मोजायला लागलो."

"काय मोजायला?"

"पीळ. एका गासडीत दोन बंद, प्रत्येक बंदाला एकच पीळ. गासडी सोडताना पिळाच्या जवळ तोडायची, म्हणजे बंद एका तुकड्यात निघतो आणि एका टोकाला पीळ राहतो. पिळाशिवायचा तुकडा हातात आला तर समजायचं, ही अर्धीच तार आहे."

कातरी मी घासून वापरली नाही. दोन तासांवरच्या जुन्या शेतीयंत्रांच्या भंगारवाड्यात जाऊन न वापरलेली जोडी शोधून आणली. चर पडलेल्या आकड्यावर वेल्डिंगचा कठीण थर चढवला आणि कानशीनं उतरवत आणला, जोवर तारेचा तुकडा तोंडावरून न अडखळता घसरेना. चार संध्याकाळी एका आकड्याला.

चाचणी मी हातानं घेतली. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, हे यंत्र मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतं, तेव्हा डोळ्याला काही दिसत नाही आणि हाताची खैर नसते. ट्रॅक्टर जोडलाच नाही. पेटीत जुनं गवत ठासून भरलं, खटका हातानं पाडला आणि फ्लायव्हीलला खांदा लावला. लेक अकरा वर्षांची. तिला मी लांब, शिडीवर बसवलं, हातात टॉर्च देऊन, नजर आकड्यावर ठेवायला सांगितली.

पहिल्याच फेरीला सुई वर येताना 'टक्' असा बारीक आवाज झाला. मी जागच्या जागी थांबलो. सुई दट्ट्याच्या खाचेच्या काठाला टेकली होती. गिअर जोडताना मी एक दाता चुकलो होतो. पीटीओवर असतं तर सुई गेली असती. सगळं परत खोललं, खुणेला खूण जुळवली, अंधार पडायच्या आत परत खांदा लावला.

"आली सुई," लेक वरून सांगत होती. "तार आली. आता धरली. बाबा, फिरतंय! एक... दोन... तीन... चार... आणि अर्धा."

कातरीचा 'कट्' असा एकच आवाज आला. तुकडा पडला नाही. मी शिडीवर चढून पीळ पाहिला. दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या फिरल्या होत्या. आजोबांनी हे आधीच बजावलं होतं, की एक तार सरळ राहून दुसरीच तिच्याभोवती गुंडाळली गेली, तर तो पीळ दिसायला छान असतो आणि ताण आला की सरकतो. ते ऐकताना मला अण्णांचा हात आठवला होता. ताटाचा आळा शिकवताना ते माझी दोन्ही मनगटं धरायचे. "एका हातानं नाय वळायचं. दोन्हीकडनं सारखं." मी नेहमी उजव्या हातानंच वळायचो आणि पेंढी अंगणातच सुटायची.

दुसऱ्या आकड्यावर लेकीनं पाच मोजले. एकाला साडेचार, एकाला पाच. तिला ते सारखं व्हायला हवं होतं. चालेल म्हटलं, तर म्हणाली, "आजीला चालेल का?" मी दुसऱ्या दिवशी परत कानस घेतली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गवत कापलं. तीन दिवस ऊन होतं. गवत वाळलंय का हे पाहायची जुनी रीत इथंही पिळाचीच आहे. मूठभर गवत घेऊन दोन्ही हातांनी पिळायचं, काड्या मोडायला लागल्या तर तयार. बांधायच्या वेळी ओल शंभरात अठरा-वीसच्या वर असेल तर गासडी आतून तापते, बुरशी धरते, आणि फारच ओली असेल तर कोठार पेटतं. उगीच फार वाळवलं तर पानं झडून नुसत्या काड्या उरतात. शेजारच्या रानात आमिश, म्हणजे शेतात ट्रॅक्टर न वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबाचं काम चालू होतं. त्यांचा बेलर खेचरं ओढतात, आणि बेलरवर बसवलेलं इंजिन तो चालवतं. त्या इंजिनाच्या धडधडीत आमच्या दट्ट्याचे ठोके मिसळले. पहिल्या वीस गासड्यांमध्ये सहांचे बंद निसटले. चिमट्याची स्प्रिंग दोन आटे आवळली. मग संध्याकाळपर्यंत एकही नाही. आजोबा कुंपणाशी खुर्ची टाकून बसले होते. यंत्राचा आवाज ऐकत होते, गासड्यांकडे बघतही नव्हते.

दोन कापण्या मिळून ३४१ गासड्या झाल्या. एका गासडीला दोन्ही बंद धरून साधारण ५.३ मीटर तार. म्हणजे १,८०० मीटर तार मी स्वतःच्या हातानं माझ्या गोठ्यात आणून ठेवली. हा आकडा मी दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलाय.

गाईंच्या पोटात लोहचुंबक सोडलेत. बोटभर लांब, गुळगुळीत. नळीतून घशात सोडायचा, तो जाळीसारख्या दुसऱ्या पोटात जाऊन बसतो आणि जन्मभर तिथंच राहतो. चुकून काही लोखंड गेलंच तर त्याला चिकटून राहतं. इथं ही नेहमीची पद्धत आहे. चांदीच्या वेळी आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं. पण चुंबक हा शेवटचा आधार. खरी राखण गव्हाणीच्या अलीकडेच व्हायला हवी. म्हणून गासडी गोठ्यात सोडत नाही. पलीकडच्या कोठीत फरशीवर सोडतो, बंद तोडून भिंतीवरच्या आकड्याला अडकवतो, मोजतो, आणि मगच दार उघडतो. गाईंना ते कळलंय. तारांचा खणखणाट झाला की हंबरतात.

जानेवारीत एका संध्याकाळी बाहेर बर्फ पडत होतं. दोन गासड्या सोडल्या. चार तुकडे हातात आले. आकड्याला अडकवताना बोटं टोकांवरून फिरवली. पीळ, पीळ, पीळ, आणि चौथ्याला काही नाही. दोन्ही टोकं तुटलेली, एक माझ्या पक्कडीनं कापलेलं, एक गंजून मोडलेलं. छपरातून गळणारं पाणी त्या रांगेवर पडत होतं, ते मला ठाऊक होतं. मी हातमोजे काढले. गासडीच्या वड्या एकेक करून उचलल्या, प्रत्येक वडी फरशीवर पसरून त्यावरून मोठं चुंबक फिरवलं. पलीकडे गाई हंबरत होत्या, कालवड दाराला शिंगं घासत होती. सातव्या वडीत चुंबक जड झालं. वितीपेक्षा जरा मोठा तुकडा, टोकाला साडेचार पीळ. तो मी पहिल्या अर्ध्याला लावून लांबी जुळवली. दोन्ही मोडलेली टोकं एकमेकांत बसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. आईची तिकडे पहाटेची वेळ, चहा ठेवताना ती रोज फोन करते. फोटो पाहिल्या दिवसापासून यंत्राबद्दल तिनं अवाक्षर काढलेलं नाही. रोज एवढंच विचारते.

"मोजल्या?"

"मोजल्या."

"किती?"

मी आकड्याकडे पाहिलं. "चार. चारी पीळ."

"मग टाक वैरण. वराडत्यात त्या."